कागदावर सही माझी, मग निर्णय कुणाचा?

‘डॉक्टर, एक विचारू?’ या सदराच्या मागच्या अंकात मीच वाचकांना एक प्रश्न विचारला होता : तुमच्या उपचाराचा निर्णय झाला तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? इतकी पत्रं आली की सर्दी-खोकल्याचे आणि पित्ताचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. सांगलीत छत्तीस वर्षं मी टेबलाच्या डॉक्टरकडच्या बाजूला बसत आले. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मला बरंच उशिरा कळलं. तेही ओघात येईलच. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, वय ४३. दोन वर्षांपासून पाळीत खूप अंगावरून जातं, चार-पाच दिवस काही सुचत नाही. सोनोग्राफीत पिशवीला साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. हिमोग्लोबिन ८.४ आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मिस्टरांना म्हणाले, “दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? उद्या कॅन्सर झाला तर?” मिस्टर आणि सासूबाई लगेच हो म्हणाले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. सिस्टरनी फॉर्म पुढे केला, मी सही केली. घरी आल्यापासून झोप नाही. मला काहीतरी विचारायचं होतं, पण तेव्हा सुचलंच नाही. आता विचारलं तर डॉक्टरांचा अपमान होईल का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आधी एक काम करा. दवाखान्यात फोन करून सांगा, “गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकला, मला आधी डॉक्टरांशी बोलायचंय.” कारणं देत बसू नका. फॉर्मवर सही केली म्हणजे शब्द दिला आणि आता तो मोडला, असं काही नसतं. भूल चढेपर्यंत ती सही कधीही मागे घेता येते. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही घाईची वेळ दिसत नाही. मात्र तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, उभं राहवेना, तर वाट न बघता त्याच दिवशी जवळचं रुग्णालय गाठा.

आता गाठीचं. तुमच्या वयात अशा गाठी कितीतरी बायकांना असतात, अनेकींना तर त्या आहेत हे कळतही नाही. या गाठीचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ आहे, त्यामुळे तेवढ्या एका भीतीपायी पिशवी काढायला मी तरी सांगणार नाही. पाळी अनियमित असेल किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जात असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. तुमचा पाठवला का, हे विचारा. तुमचा खरा त्रास आहे तो रक्तस्रावाचा आणि ८.४ वर उतरलेल्या रक्ताचा. लोहाच्या गोळ्या आजच सुरू व्हायला हव्यात, ऑपरेशन करा वा न करा. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त जाणं कमी होतं. तांबीसारखं दिसणारं हॉर्मोनचं एक साधन पिशवीत बसवतात, ते काही वर्षं काम करतं आणि अनेकींची पाळी अगदी थोडी होते. गाठ आतल्या पोकळीत वाढलेली असेल तर ते नीट बसत नाही, म्हणून गाठ नेमकी कुठे आहे हे विचारायचं. नुसती गाठ काढता येते. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचीही सोय आहे. पाळी गेली की या गाठी बहुधा आक्रसतात, त्यामुळे मधली वर्षं गोळ्यांवर काढणाऱ्याही बायका आहेत.

आणि पिशवी काढणं हाही मार्ग आहेच. त्यानं पाळीतला रक्तस्राव कायमचा थांबतो. इतकी खात्री दुसऱ्या कुठल्या उपायाची देता येत नाही. माझ्याकडच्या काही जणींनी सगळं समजून घेऊन तो मार्ग धरला आणि त्या समाधानी आहेत. पण ऑपरेशनच ठरलं तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे आधी स्पष्ट करून घ्या आणि फॉर्मवर लिहून घ्या. चाळिशीत दोन्ही अंडाशय काढले तर पाळी जातानाचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात आणि हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात.

एवढं वाचायला तुम्हाला तीन मिनिटं लागली असतील. तुमच्या शरीरातला एक अवयव काढायचा ठरला आणि ही तीन मिनिटं तुम्हाला कुणी दिली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

“तेव्हा सुचलं नाही” असं तुम्ही लिहिलंय. सुचणार कसं? माझ्या दवाखान्यात पूर्वी पेशंटचं स्टूल माझ्या उजव्या हाताशी असायचं, तपासायला बरं पडतं म्हणून. नातेवाइकांच्या दोन खुर्च्या बरोबर माझ्या समोर. तपासायची पेशंटला आणि बोलायची समोरच्या खुर्चीशी. बायको स्टुलावर बसलेली आणि मी नवऱ्याला सांगतेय, “यांचं मीठ कमी करा, यांना दुपारी झोपू देऊ नका.” पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. एक दिवस कवठ्याकडची एक बाई आली होती. मी तिच्या दिराशी बोलत असताना तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाई, मी हितं हाय.” रागानं नाही, अगदी सावकाश. खुरप्याचे घट्टे पडलेला तो हात मला आजही मनगटावर जाणवतो. त्या संध्याकाळी मी स्टूल उचलून टेबलासमोर ठेवलं आणि खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या.

तुमच्या डॉक्टरांनी प्रश्न मिस्टरांना विचारला. कायद्यानंही ते पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा एक निकाल आहे. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. न्यायालयानं सांगितलं, की सज्ञान आणि सक्षम स्त्रीच्या शरीराबद्दलची संमती तिचीच हवी, जिवावरचा प्रसंग नसेल तर आईचीसुद्धा चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, आणि काय करणार, दुसरे मार्ग कुठले, धोके कोणते हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नव्हे. शेजारच्या मराठवाड्यातलं उदाहरण तर तुम्ही ऐकलंच असेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीनं केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या किती जणींना “दुसरा काय मार्ग आहे” हे कुणी सांगितलं असेल?

डॉक्टरांकडे पुन्हा जाताना मिस्टरांना जरूर न्या, पण बोलायला सुरुवात तुम्ही करा. चिठ्ठीवर लिहून न्या : गाठ नेमकी कुठे आहे? सहा महिने थांबलं तर काय होईल? गोळ्या किंवा हॉर्मोनचं साधन मला का चालणार नाही? अंडाशयांचं काय? आणि तुमचं स्वतःचंही सांगा. अंगणवाडीत शिध्याची पोती तुम्ही उचलता का, ऑपरेशननंतर साधारण दीड महिना जड उचलायचं नसतं, तेव्हा तुमचं काम कोण करणार, हे डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचं नाही. राहिला अपमान. पेशंटच्या प्रश्नाचा मला कधी राग आला असेल, तर तो माझ्या दमण्याचा होता. प्रश्नाचा त्यात काही दोष नव्हता.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची, गावी असते. छातीत पावणेदोन सेंटिमीटरची गाठ होती, तपासणीत कॅन्सर निघाला. सुदैवानं लवकर कळलंय. आईला आम्ही फक्त “गाठ आहे” एवढंच सांगितलंय. सर्जन म्हणाले, नुसती गाठ काढून नंतर शेक (रेडिएशन) देता येतील किंवा पूर्ण स्तन काढता येईल, तुम्ही भाऊ ठरवा. आम्ही पूर्ण काढायचं ठरवलं, म्हणजे पुन्हा चिंता नको. बहीण म्हणते, आईला विचारा. पण कॅन्सर शब्द ऐकला तर आई खचेल. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. तुम्ही हे आईवरच्या मायेपोटी करताय याविषयी मला शंका नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब यायचं. आईचा कॅन्सर पसरलेला होता. दोन्ही मुलगे तिच्या पाठीमागे उभं राहून मला डोळ्यांनी खुणा करायचे आणि मोठ्यानं विचारायचे, “साधी गाठ आहे ना, डॉक्टर?” मी मान हलवायची. एकदा थोरला गाडी आणायला गेला आणि धाकटा औषधाच्या दुकानात. आम्ही दोघीच उरलो. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, “पोरं रात्रीची रडत्यात, मला ऐकू येतंय. कॅन्सरच हाय न्हवं?” मी हो म्हणाले. तिनं एक मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, “मला कळलंय म्हणून पोरांस्नी सांगू नका. खचतील.” पुढचे चार महिने त्या घरात सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. हातातल्या पाटल्या धाकट्या लेकीला द्यायच्या आहेत, हे तिनं मला सांगितलं. लेकीशी ते बोलायचं तर मरणाविषयी बोलावं लागलं असतं, म्हणून लेकीला नाही सांगितलं. त्या वेळी मान हलवण्याऐवजी मी मुलांना बाहेर नेऊन समजवायला हवं होतं. ते मी केलं नाही.

तुमच्या आईची गोष्ट पुष्कळ वेगळी आणि आशेची आहे. लवकर सापडलेल्या गाठीवर दोन्ही मार्ग चांगले आहेत. इटलीत मिलानला १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर हे दोन मार्ग ताडून पाहिले. निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, निम्म्यांचा गाठीचा भाग काढून शेक दिले. वीस वर्षांनी, २००२ साली, हिशोब प्रसिद्ध झाला तेव्हा जगण्याच्या प्रमाणात दोन्हींत फरक नव्हता. फरक होता तो त्याच जागी पुन्हा गाठ येण्यात : पूर्ण काढलेल्या ३४९ जणींपैकी ८ आणि स्तन राखलेल्या ३५२ जणींपैकी ३०. म्हणजे पूर्ण काढलं की चिंता संपली, हे तुमचं गृहीतक काही अंशी खरं आहे, पण त्यामुळे आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही.

मग ठरवायचं कशावर? इथेच आईशिवाय पान हलत नाही. स्तन राखायचा तर शेक जवळजवळ नेहमीच घ्यावे लागतात. ते साधारण तीन आठवडे, कधी थोडे जास्त, रविवार-शनिवार सोडून रोज. आई गावी. रोजची ये-जा करणार की तुमच्याकडे पुण्याला राहणार? मागे तिच्या म्हशीचं कोण बघणार? एखादी म्हणेल, मला ती दगदग नको, काढून टाका आणि मोकळं करा. (पूर्ण काढल्यावरही काही वेळा शेक लागतात, हे तिला आधी सांगून ठेवा.) दुसरी म्हणेल, माझ्या अंगाचा भाग मला हवा, मी महिनाभर राहीन लेकाकडे. ६२ व्या वर्षी बाईला त्याचं काय, असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. माझ्याकडे एक सत्तरीच्या आजी यायच्या. ऑपरेशनला सहा वर्षं झाली तरी त्या आंघोळीच्या वेळी न्हाणीतला आरसा पालथा घालत.

सांगायचं कसं, हा तुमचा प्रश्न खरा आहे. एकदम शब्द फेकू नका. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, बहिणीला जवळ बसवून विचारा, “आई, तुझे रिपोर्ट आलेत. तुला सगळं सांगू, की आम्हीच बघू?” ती म्हणाली, “तुम्हीच बघा,” तर तोही तिचाच निर्णय झाला आणि तो मान्य करा. पण मला वाटतं ती विचारेल. तिला बहुधा बरंच ठाऊक आहे. तपासणीला नेलं तेव्हा दारावरची पाटी तिनंही वाचली असेल. कॅन्सर शब्दाच्या पाठोपाठ लगेच “लवकर सापडलाय, आणि यावर दोन चांगले उपाय आहेत” हे सांगा. मग पुढच्या भेटीला सर्जनना म्हणा, आता आईशीच बोला.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनबद्दल दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं आहे. रुग्णालयात फाइल मागितली तर “बिल झाल्यावर, डिस्चार्जच्या वेळी मिळेल” म्हणतात. मोठ्या डॉक्टरांना विचारायला भीती वाटते, चिडले तर उपचारावर परिणाम होईल.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे : रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, त्यावर वडिलांची सही घ्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दुसरं मत घेणं हा रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. राज्याच्या नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ साली ही सनद आली, ती रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेली असायला हवी. काउंटरवर गेलात की ती शोधा आणि तिच्याकडे बोट दाखवा. मोठ्या डॉक्टरांना एवढंच म्हणा, “सर, घरातल्या सगळ्यांच्या मनाची तयारी व्हायला हवी, म्हणून अजून एकांना दाखवतो. तुमचे कागद नेले तर पुन्हा तपासण्या कराव्या लागणार नाहीत.” चांगल्या डॉक्टरांना यात वावगं वाटत नाही. मी स्वतः दुसऱ्या मतासाठी चिठ्ठ्या लिहून देत आलेय.

छातीत सतत कळा येत असतील, दम लागत असेल, तर आधी उपचार, मग मतं.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६७. प्रोस्टेटचा सुरुवातीचा, कमी आक्रमक कॅन्सर निघाला आहे. डॉक्टरांनी छापील कागद दिला : ऑपरेशन, शेक किंवा नुसतं लक्ष ठेवणं. म्हणाले, “वाचा, ठरवा आणि कळवा.” मला नाही ठरवायचं. ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं. माझं चुकतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, तुमचं चुकत नाही. कागद हातात देऊन “कळवा” म्हणणं म्हणजे तुम्हाला निर्णयात घेणं नव्हे, ते तुम्हाला एकटं सोडणं झालं. पूर्वी आम्ही डॉक्टर सगळं स्वतः ठरवायचो. आता काही जण सगळं पेशंटवर टाकून हात झटकतात. या दोन्ही तऱ्हांत दोन माणसं समोरासमोर बसून बोलतच नाहीत. “तुमचा सल्ला काय?” हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त सल्ला देण्याआधी त्यांना तुमच्याविषयी काही गोष्टी कळायला हव्यात, आणि त्या तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत.

ब्रिटनमध्ये तुमच्यासारख्याच, ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांवर हे तीन मार्ग तपासले. पंधरा वर्षांचा निष्कर्ष २०२३ साली आला. तिन्ही गटांत या कॅन्सरनं मृत्यू पावलेले १०० मध्ये साधारण ३. रोग इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्या गटात १०० मध्ये ९ च्या आसपास होतं, ऑपरेशन आणि शेकांच्या गटांत सुमारे ५. लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा शेक घेतलेच. ऑपरेशननंतर लघवी नकळत होण्याचा आणि शरीरसंबंधातल्या अडचणींचा त्रास जास्त, शेकांनंतर शौचाच्या तक्रारी.

आता तुम्ही स्वतःला विचारा. अंगात कॅन्सर आहे हे माहीत असताना दर काही महिन्यांनी रक्त तपासत राहणं तुम्हाला झेपेल, की दर तपासणीआधी आठवडाभर जेवण जाणार नाही? भजनाला, लग्नाला चार तास बसताना धोतर ओलं होण्याची भीती तुम्हाला कितपत सलेल? पत्नीशी या विषयावर बोलला आहात का? तुमच्या पिढीत हे बोलणं कठीण, पण निर्णय त्यांच्याही आयुष्यात शिरणार आहे. रोज शेक घ्यायला चिपळूणहून कुठे आणि कुणाबरोबर जाल? उत्तरं वहीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि म्हणा, “मी असा माणूस आहे. आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?” घाई नाही. या प्रकारात काही आठवडे विचार केल्यानं सहसा नुकसान होत नाही, तुमच्या डॉक्टरांकडून ते एकदा पक्कं करून घ्या.

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयात काम करणारा तरुण डॉक्टर आहे. तुमच्या सदरात रुग्णांना विचारा, समजावा असं वाचतो तेव्हा त्रास होतो. दुपारी दीडपर्यंत माझ्या ओपीडीत शंभरच्या वर रुग्ण असतात. वेळ कुठून आणू? आणि विचारलं तरी लोक म्हणतात, “तुमी सांगशीला तसं.”
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : डॉक्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वेळेचा प्रश्न खरा आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या चांगुलपणानं सुटणारा नाही. २०१७ साली ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपणही त्या दुसऱ्या टोकाच्याच जवळ आहोत. जागा भरा, माणसं वाढवा, हे आपण सगळ्यांनी मिळून ओरडून सांगायला हवं.

तरीही शंभरातल्या प्रत्येकाशी निर्णयाची चर्चा करावी लागत नाही. तापाच्या मुलाला औषध द्यायचं ते द्यायचंच. शंभरात पाच-सात जण असे असतात की ज्यांचं पुढचं आयुष्य तुमच्या एका ओळीनं बदलणार असतं : ऑपरेशन, इन्सुलिन, डायलिसिस. तेवढ्यांना “ओपीडी संपल्यावर थांबा” म्हणून बघा. थांबतात लोक. बसायला बाक आणि प्यायला पाणी असेल तर नक्की थांबतात. सगळं तुम्हीच बोलायला हवं असंही नाही, वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर आणि समाजसेवा अधीक्षक यांतलं बरंच काम तुमच्यापेक्षा चांगलं करतात. “समजलं का?” हा प्रश्न मी सोडून दिलाय, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, “घरी गेल्यावर मंडळींना काय सांगाल?” त्या उत्तरात किती कळलं, किती राहिलं ते वीस सेकंदांत उघडं पडतं.

“तुमी सांगशीला तसं” याविषयी मात्र माझ्या चुकीची एक गोष्ट सांगायला हवी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करणारा एक माणूस १९९७ साली माझ्याकडे आला. तळहात, नखं, बनियनची कड, सगळं पिवळं. साखर साडेतीनशे, गोळ्या पुरत नव्हत्या. मी इन्सुलिन लिहिलं, सकाळी आठला आणि रात्री आठला. घरी फ्रिज नाही म्हणाला, तर ओल्या माठात बाटली कशी ठेवायची तेही शिकवलं. मला वाटलं, मी अगदी नीट समजावलं. “घ्याल ना?” विचारलं. “तुमी सांगशीला तसं, बाई.” दोन महिने तो आला नाही, आणि मी गृहीत धरलं की बरं चाललंय. आला तो उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला घेऊन. अंगठा काढावा लागला.

नंतर ड्रेसिंगला यायचा तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं, “दिवसभरात जेवता कधी?” सकाळी सहाला फक्त चहा घेऊन तो घराबाहेर पडायचा. सौदे संपून पोती हलेपर्यंत दुपारचे दोन वाजायचे, तेव्हा भाकरी. मी दिलेलं आठचं इंजेक्शन त्यानं चार दिवस इमानानं घेतलं होतं. चौथ्या दिवशी पाठीवर पोतं असताना हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, तो पोत्यासकट खाली आला. मुकादम म्हणाला, दारू पिऊन आलास. रोजी बुडाली. त्यानंतर त्यानं बाटली माठातच राहू दिली. मला सांगायला का आला नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, “तुमी इतकं समजावून सांगितल्यालं, आन् मी न्हाई घेतलं म्हणायचं कसं?”

त्याचा होकार हा होकार नव्हताच, डॉक्टर. ती माझ्या खुर्चीची भीड होती. त्याच्या दिवसाचं वेळापत्रक मी मागितलं असतं तर त्याला एक मिनिट लागलं असतं. तेवढं मी विचारलं नाही.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. घड्याळ सोडून इंजेक्शन जेवणाला बांधलं : एक दुपारच्या भाकरीआधी, एक लहान डोस रात्रीच्या जेवणाआधी. सकाळी चहाबरोबर घरून मूठभर शेंगदाणे आणि एक शिळी भाकरी. बनियनच्या खिशात साखरेची पुडी. मुकादमाला मी माझ्या लेटरपॅडवर चिठ्ठी लिहून दिली, की हा माणूस थरथरायला लागला तर ही साखर त्याच्या तोंडात घाला. ती चिठ्ठी त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अकरा वर्षं जवळ बाळगली. हळदीनं पिवळी पडून अक्षरं पुसट झाली, तेव्हा माझ्याकडून दुसरी लिहून घेऊन गेला.